व्यवसायाचे ईमेल इनबॉक्समध्ये पोहोचावेत यासाठी डोमेनचे प्रमाणीकरण कसे करावे

ग्राहकाला पाठवलेले बिल, कोटेशन किंवा पासवर्ड बदलण्याची लिंक स्पॅममध्ये जाऊन पडली की बहुतेक जण सर्वप्रथम मजकुरावर संशय घेतात. विषयाची ओळ बदलली जाते, 'मोफत' आणि 'ऑफर' असे शब्द काढले जातात, चित्रे कमी केली जातात. मजकुराचा परिणाम होतो हे खरे. परंतु मेल स्वीकारणाऱ्या सर्व्हरला त्याआधी आणखी एका मूलभूत प्रश्नाचे उत्तर हवे असते. हा मेल ज्या डोमेनच्या (पत्त्यातल्या @ चिन्हापुढच्या भागाच्या) नावाने आला आहे, त्या डोमेनच्या मालकाने तो पाठवण्याची परवानगी खरोखर दिली आहे का? हे उत्तर कोणालाही पडताळून पाहता येईल अशा स्वरूपात देणे म्हणजे ईमेलचे प्रमाणीकरण, आणि ते काम डोमेनच्या मालकालाच करावे लागते.

ईमेलची देवाणघेवाण ज्या एसएमटीपी नियमांवर चालते, ते १९८२ साली आरएफसी ८२१ या दस्तऐवजात मांडले गेले (आरएफसी म्हणजे इंटरनेटचे नियम मांडणारे क्रमांकित दस्तऐवज). पाठवणारा जे नाव सांगेल ते खरे मानून चालावे, अशीच त्यांची मूळ रचना होती. त्यामुळे कोणत्याही सर्व्हरला कोणाच्याही नावाने मेल पाठवता येत असे. ही उणीव भरून काढण्यासाठी पुढे एसपीएफ, डीकिम आणि डीमार्क या तीन व्यवस्था उभ्या राहिल्या. तिन्ही व्यवस्था डोमेनच्या डीएनएसमध्ये, म्हणजे डोमेनची माहिती सांगणाऱ्या इंटरनेटवरच्या सार्वजनिक नोंदवहीत, ठेवलेल्या नोंदींवर चालतात, आणि त्या नोंदी फक्त डोमेनच्या मालकालाच बदलता येत असल्यामुळे त्यांच्यावर विश्वास ठेवता येतो.

येथे एक अपेक्षा आधीच स्पष्ट असावी. प्रमाणीकरण पूर्ण झाले म्हणून प्रत्येक मेल इनबॉक्समध्ये जाईलच, असे नाही. स्पॅम पाठवणारेही आपापल्या डोमेनचे प्रमाणीकरण करतातच. परंतु ज्याची ओळख सिद्ध झालेली नाही, त्याच्या नावावर चांगल्या वागणुकीची नोंद जमा होऊ शकत नाही. तुमचे मेल लोक उघडतात, त्यांना उत्तरे देतात आणि त्यांची तक्रार करत नाहीत, हे सारे तुमच्याच डोमेनच्या खात्यावर जमा व्हावे यासाठी आधी ते मेल तुमचेच आहेत हे ठरावे लागते.

यादी आधी, नोंदी नंतर

या कामातला सर्वांत महत्त्वाचा आणि सर्वांत जास्त टाळला जाणारा भाग तांत्रिक नाही. आपल्या डोमेनच्या नावाने कोठून कोठून मेल जातात याची पूर्ण यादी बनवणे, हा तो भाग आहे. कर्मचाऱ्यांचे मेलबॉक्स सर्वांना आठवतात. बिले पाठवणारे हिशेबाचे सॉफ्टवेअर, न्यूजलेटरची सेवा, तक्रारींची तिकिटे सांभाळणारी प्रणाली, संकेतस्थळावरील संपर्काचा फॉर्म, ऑर्डरची पोच देणारे ऑनलाइन दुकान, नोकरभरतीचे सॉफ्टवेअर, सर्व्हर बंद पडल्यास इशारा देणारी यंत्रणा आणि स्कॅन केलेला कागद थेट मेल करणारे ऑफिसमधले यंत्र मात्र सहज विसरले जातात. प्रत्येक स्रोतासमोर तीन गोष्टी लिहाव्यात: मेलवर 'फ्रॉम'मध्ये कोणता पत्ता दिसतो, तो प्रत्यक्षात कोणत्या सेवेच्या सर्व्हरवरून निघतो आणि त्या सेवेचे खाते कोणाकडे आहे. ही यादी तांत्रिक विभागाने एकट्याने बनवू नये, कारण विक्री आणि लेखा विभागांनी परस्पर सुरू केलेल्या सेवा त्यांना ठाऊक असतीलच असे नाही.

याच टप्प्यावर आणखी एक गोष्ट तपासावी. व्यवसायाचे मेल जीमेल किंवा याहूच्या मोफत पत्त्यावरून, पण न्यूजलेटरच्या किंवा बिलिंगच्या सेवेमार्फत जात असतील, तर पुढचे काहीही उपयोगी पडणार नाही. ते डोमेन तुमचे नाही, त्याच्या डीएनएसमध्ये तुम्हाला नोंद करता येत नाही. याहूने एप्रिल २०१४ मध्ये आपल्या डोमेनसाठी 'खात्री न पटल्यास मेल नाकारा' असे धोरण जाहीर केले, तेव्हापासून याहूच्या पत्त्याने इतर सेवांमार्फत पाठवलेले मेल हे धोरण पाळणाऱ्या सेवांकडे नाकारले जातात. अशा व्यवसायाने आधी स्वतःचे डोमेन घ्यावे.

एसपीएफ: कोणते सर्व्हर आपले

एसपीएफमध्ये डोमेनचा मालक डीएनएसमध्ये एक टीएक्सटी (साध्या मजकुराची) नोंद ठेवून सांगतो की, आमच्या नावाने मेल पाठवण्याचा अधिकार या सर्व्हरांना आहे. नोंदीच्या सुरुवातीला आवृत्तीची खूण असते, मध्ये सर्व्हरचे आयपी पत्ते (इंटरनेटवरचे क्रमांक) किंवा 'इन्क्लूड' या शब्दाने जोडलेल्या सेवांची नावे असतात आणि शेवटी 'ऑल' हा शब्द येतो. मेल मिळताच समोरचा सर्व्हर जोडणी करणाऱ्याचा आयपी पत्ता या नोंदीशी ताडून पाहतो. तुमच्या मेलसेवेच्या मदतपानावर द्यायचा मजकूर तयार मिळतो. तो हाताने टाइप न करता नकलून घ्यावा.

नोंद करताना तीन नियम काटेकोरपणे पाळावेत. पहिला असा की, एका डोमेनला एसपीएफची एकच नोंद असावी. नवी सेवा घेतली की तिच्या सूचनेप्रमाणे दुसरी नोंद जोडली जाते आणि दोन्ही निकामी होतात, कारण दोन नोंदी सापडल्यास पडताळणी कायमच्या त्रुटीवर थांबावी असे नियमातच आहे. नव्या सेवेचा 'इन्क्लूड' जुन्याच नोंदीत घालावा. दुसरा नियम दहाच्या मर्यादेचा. नोंद वाचताना 'इन्क्लूड', 'ए', 'एमएक्स' यांसारख्या ज्या घटकांमुळे डीएनएसला पुन्हा विचारणा करावी लागते, त्यांची एकूण संख्या १० पेक्षा जास्त होता कामा नये, आणि एका 'इन्क्लूड'च्या पोटात असलेले इतर 'इन्क्लूड'ही यात मोजले जातात. म्हणून वरवर चारच सेवा दिसणारी नोंदही मर्यादा ओलांडू शकते. थेट लिहिलेले आयपी पत्ते या मोजणीत येत नाहीत. अशा वेळी सोडून दिलेल्या सेवा काढणे हा पहिला उपाय. तेवढ्याने भागले नाही, तर न्यूजलेटरसारखा मोठा स्रोत वेगळ्या उपडोमेनवर (मूळ डोमेनच्या आधी एक शब्द जोडून बनणाऱ्या नावावर) न्यावा, कारण त्या उपडोमेनला स्वतःची स्वतंत्र नोंद आणि स्वतंत्र मर्यादा मिळते.

तिसरा नियम शेवटच्या 'ऑल'विषयी. त्याच्या आधी उणे चिन्ह असेल तर यादीबाहेरचा सर्व्हर अमान्य ठरतो, आणि टिल्ड (~) चिन्ह असेल तर तो संशयास्पद मानला जातो. उणे चिन्ह अधिक सुरक्षित वाटते, परंतु काही सर्व्हर ते पाहून मेल लगेच नाकारतात आणि डीकिमची सही तपासण्याची वेळच येत नाही. डीमार्क वापरणार असाल तर माझ्या मते टिल्ड ठेवणे शहाणपणाचे आहे. अधिक चिन्ह मात्र कधीही वापरू नये. त्याचा अर्थ जगातील कोणताही सर्व्हर आमचाच आहे असा होतो.

एसपीएफची एक मोठी मर्यादा समजून घेतल्याशिवाय पुढचा भाग कळणार नाही. प्रत्येक ईमेलला टपालाप्रमाणे बाहेरचा लिफाफा आणि आतले पत्र असते. लिफाफ्यावरचा परतीचा पत्ता सर्व्हर वापरतात. वाचणाऱ्याला 'फ्रॉम'मध्ये दिसतो तो पत्रातला पत्ता. एसपीएफ फक्त लिफाफ्यावरचे डोमेन तपासते. दोन्हींमध्ये वेगवेगळी डोमेन असू शकतात आणि अनेक सेवांमध्ये ती असतातच. शिवाय मेल कोणी पुढे फॉरवर्ड केला की जोडणी करणारा सर्व्हर बदलतो आणि एसपीएफ बहुधा फसते, यात पाठवणाऱ्याचा काहीही दोष नसला तरी.

डीकिम: मेलवरची सही

फॉरवर्ड होऊनही टिकणारा पुरावा डीकिम देते. याहूची डोमेनकीज आणि सिस्कोची एक व्यवस्था एकत्र करून ती तयार झाली, २००७ साली आरएफसी ४८७१ या दस्तऐवजात आली आणि २०११ पासून आरएफसी ६३७६ हे तिचे मानक आहे. पाठवणारा सर्व्हर मेलचा मजकूर आणि 'फ्रॉम', विषय अशा ठरावीक शीर्षओळी यांवर आपल्या गुप्त 'की'ने, म्हणजे सहीसाठीच्या डिजिटल किल्लीने, सही करतो. त्या कीची सार्वजनिक जोडी डोमेनच्या डीएनएसमध्ये ठेवलेली असते, आणि समोरचा सर्व्हर तिच्या आधारे सही पडताळतो. वाटेत मजकुरात बदल झाला, तर सही जुळत नाही.

डीएनएसमध्ये ही की 'सिलेक्टर' नावाच्या छोट्या नावाखाली ठेवतात. प्रत्येक सेवेला स्वतंत्र सिलेक्टर देता येतो, म्हणून येथे एसपीएफसारखी एकाच नोंदीत गर्दी होत नाही. यादीतील प्रत्येक सेवेसाठी वेगळी की तयार करावी आणि एकच गुप्त की अनेक सेवांना कधीही देऊ नये. बऱ्याच सेवा टीएक्सटीऐवजी सीनेम प्रकारची (दुसऱ्या नावाकडे बोट दाखवणारी) नोंद मागतात, ज्यामुळे की त्यांच्या बाजूला राहते आणि ती वेळोवेळी बदलण्याचे कामही तेच करतात. हा पर्याय मिळत असेल तर तोच घ्यावा.

कीची लांबी २०४८ बिट ठेवावी. १०२४ बिट ही किमान मर्यादा आहे. हा आग्रह कागदी नाही. झॅकरी हॅरिस या गणितज्ञाला गुगल तेव्हा केवळ ५१२ बिटची डीकिम की वापरत असल्याचे दिसले, आणि त्याने ती भेदून गुगलच्या एका संस्थापकाच्या नावाने दुसऱ्या संस्थापकाला मेल पाठवून दाखवला. २०१२ मध्ये ही घटना प्रसिद्ध झाली. छोट्या कीमागची सही खोटी करता येते, हे त्यातून सर्वांसमोर आले.

नोंद भरताना दोन अडचणी वारंवार येतात. डीएनएसच्या टीएक्सटी नोंदीत एका सलग तुकड्यात २५५ पर्यंतच अक्षरे मावतात, आणि २०४८ बिटची की त्याहून लांब असते. डीएनएस सांभाळणाऱ्या काही कंपन्यांचे पॅनेल ती आपोआप तोडून ठेवते, काहींमध्ये ती अवतरणचिन्हांतल्या दोन तुकड्यांत स्वतः लिहावी लागते. दुसरी अडचण नावाच्या रकान्याची. बहुतेक पॅनेल तेथे डोमेनचे नाव स्वतःहून जोडतात. आपण पूर्ण नाव लिहिले तर डोमेन दोनदा लागते, नोंद भलत्याच जागी तयार होते आणि सगळे बरोबर लिहूनही की सापडत नाही. नोंदी भरल्यावर सेवेच्या पॅनेलमध्ये जाऊन सही करण्याचा पर्याय चालू करायलाही विसरू नये, कारण डीएनएसमध्ये की असणे आणि मेलवर सही होणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

डीमार्क आणि डोमेनची जुळणी

एसपीएफ आणि डीकिम दोन्ही उत्तीर्ण झाले तरी मेल बनावट असू शकतो, आणि इथेच पुष्कळांचा गोंधळ होतो. एखाद्याने लिफाफ्यावर स्वतःचे डोमेन लिहिले, सहीही स्वतःच्याच डोमेनने केली आणि 'फ्रॉम'मध्ये मात्र तुमचा पत्ता टाकला, तर पहिल्या दोन पडताळण्यांना त्यात काहीच खटकत नाही. वाचणाऱ्याला मात्र फक्त तुमचे नाव दिसते. डीमार्क हा दुवा जोडते. २०१२ च्या जानेवारीत गुगल, मायक्रोसॉफ्ट, याहू, पेपाल आदी कंपन्यांनी मिळून ही व्यवस्था जाहीर केली आणि २०१५ मध्ये ती आरएफसी ७४८९ म्हणून प्रसिद्ध झाली. तिचा नियम असा: एसपीएफ किंवा डीकिम यांपैकी किमान एक उत्तीर्ण झाले पाहिजे, आणि जे उत्तीर्ण झाले त्यातील डोमेन 'फ्रॉम'मधल्या डोमेनशी जुळले पाहिजे.

या जुळणीकडे सर्वांत जास्त लक्ष द्यावे. बाहेरची सेवा वापरताना लिफाफ्यावर अनेकदा त्या सेवेचेच डोमेन असते, आणि तुम्ही वेगळी व्यवस्था केली नसेल तर सहीसुद्धा तिच्याच डोमेनची असते. सेवेचे पॅनेल हिरवी खूण दाखवते, एसपीएफ आणि डीकिम दोन्ही उत्तीर्ण दिसतात, आणि तरीही डीमार्क नापास होते. यावर उपाय एकच: प्रत्येक सेवेत 'डोमेन ऑथेंटिकेशन' किंवा तशा नावाचा पर्याय शोधून सही आपल्या डोमेनने होईल असे करावे, आणि परतीच्या पत्त्यासाठी आपले उपडोमेन देता येत असेल तर तेही द्यावे. नेहमीच्या सैल जुळणीत मूळ डोमेन एक असले की उपडोमेन वेगळे चालते, म्हणून सुरुवातीला कडक जुळणीच्या मागे लागू नये. फॉरवर्ड केलेल्या मेलमध्ये एसपीएफ फसत असल्यामुळे, दोन्हींपैकी डीकिमची जुळणी अधिक मोलाची आहे.

डीमार्कची नोंदही टीएक्सटी प्रकारची असते आणि तिच्या जागेचे नाव अंडरस्कोअरने सुरू होते. तिच्यात धोरण सांगणारा 'पी' हा भाग आणि अहवालांचा पत्ता सांगणारा 'आरयूए' हा भाग मुख्य असतो. धोरणाची तीन मूल्ये आहेत: 'नन' म्हणजे काही करू नका, फक्त कळवा, 'क्वारंटाइन' म्हणजे संशयित समजून स्पॅममध्ये ठेवा, आणि 'रिजेक्ट' म्हणजे स्वीकारूच नका. सुरुवात नेहमी 'नन'ने करावी आणि अहवालांचा पत्ता अवश्य द्यावा. अहवाल दुसऱ्या डोमेनवर घ्यायचे असतील, तर त्या डोमेनच्या डीएनएसमध्ये तशी संमतीची नोंद लागते. ती नसली की अहवाल येतच नाहीत.

अहवाल साधारणपणे दिवसातून एकदा, कॉम्प्रेस केलेल्या एक्सएमएल (संगणकाने वाचायच्या) फाइलच्या रूपात येतात. ते माणसाने सहज वाचावेत अशा बेताने लिहिलेले नसतात, म्हणून त्यांचा तक्ता बनवून दाखवणारे एखादे साधन वापरावे. त्यात कोणत्या आयपी पत्त्यावरून किती मेल गेले, एसपीएफ आणि डीकिमचा निकाल काय आणि जुळणी झाली की नाही, हे दिसते. हे निकाल आपल्या यादीशी ताडून पाहावेत. यादीत नसलेली पण आपलीच असलेली एखादी सेवा येथे हमखास सापडते. तिची व्यवस्था लावावी. संकेतस्थळाचा संपर्क फॉर्म हा यातला नेहमीचा प्रकार आहे: फॉर्म भरणाऱ्याचा पत्ता तो 'फ्रॉम'मध्ये टाकतो आणि परक्या डोमेनच्या नावाने मेल पाठवतो. त्याऐवजी 'फ्रॉम'मध्ये आपला पत्ता ठेवून भरणाऱ्याचा पत्ता 'रिप्लाय टू'मध्ये द्यावा.

महिनाअखेरची बिले, तिमाहीची पत्रे, वर्षातून एकदाच जाणाऱ्या सूचना अहवालात दिसेपर्यंत घाई करू नये. सर्व खरे स्रोत जुळले की 'क्वारंटाइन' आणि काही काळ लक्ष ठेवून मग 'रिजेक्ट' असे जावे. परंतु उलट चूक अधिक प्रमाणात होते असे मला ठामपणे वाटते: 'नन' लिहून काम झाले असे समजले जाते आणि अहवाल कोणीही न उघडलेल्या मेलबॉक्समध्ये साचत राहतात. 'नन' असेपर्यंत तुमच्या नावाने आलेला बनावट मेल अडवण्याची सूचना तुम्ही कोणालाही दिलेली नसते, आणि त्या बनावट मेलवरच्या तक्रारींनी ग्राहकांच्या मनातली तुमच्या नावाची पत घटते. ज्या डोमेनवरून मुळीच मेल जात नाहीत त्यांना मात्र वाट पाहण्याचे कारण नाही. तेथे एसपीएफमध्ये केवळ उणे चिन्हासह 'ऑल' आणि डीमार्कमध्ये 'रिजेक्ट' पहिल्याच दिवशी लावावे.

प्रत्यक्ष मेल पाठवून तपासणे

प्रत्येक सेवेतून एक खरा मेल जीमेलच्या पत्त्यावर पाठवावा आणि त्या मेलच्या मेनूतील 'शो ओरिजिनल' हा पर्याय उघडावा. वरच तिन्ही पडताळण्यांचे निकाल दिसतात. नुसता 'पास' हा शब्द पाहून थांबू नये. डीकिमसमोर कोणते डोमेन लिहिले आहे ते वाचावे. तेथे सेवेचे डोमेन दिसले, तर जुळणी केवळ एसपीएफवर टांगलेली आहे किंवा मुळीच झालेली नाही. इतर सेवांमध्ये मेलचा मूळ मजकूर उघडून 'ऑथेंटिकेशन रिझल्ट्स' ही शीर्षओळ शोधावी. डीएनएसमधले बदल सर्वत्र दिसायला काही तास लागू शकतात, हे लक्षात ठेवून तपासणी पुन्हा करावी.

मोठ्या मेलसेवांच्या अटी

हे सारे आता ऐच्छिक राहिलेले नाही. गुगल आणि याहूने ऑक्टोबर २०२३ मध्ये जाहीर करून फेब्रुवारी २०२४ पासून अटी लागू केल्या. जीमेलच्या वैयक्तिक खात्यांना मेल पाठवणाऱ्या प्रत्येकाला एसपीएफ किंवा डीकिम यांपैकी एक हवे. चोवीस तासांत अशा खात्यांना सुमारे ५,००० किंवा अधिक मेल पाठवणाऱ्याला एसपीएफ, डीकिम आणि जुळणीसह डीमार्क, तिन्ही हवेत. ही संख्या मूळ डोमेनवर मोजली जाते, म्हणून उपडोमेनांत विभागून सुटका होत नाही, आणि एकदा मोठा प्रेषक ठरल्यावर तो शिक्का जात नाही. मायक्रोसॉफ्टनेही आपल्या वैयक्तिक आउटलुक खात्यांसाठी ५ मे २०२५ पासून दिवसाला ५,००० पेक्षा जास्त मेल पाठवणाऱ्या डोमेनना तशाच अटी घातल्या.

प्रमाणीकरणाबरोबर इतरही अपेक्षा आहेत. पाठवणाऱ्या आयपी पत्त्याला उलट दिशेची, म्हणजे पत्त्यावरून नाव सांगणारी, पीटीआर नोंद असावी, जोडणी टीएलएस या कूटबद्धीकरणाने सुरक्षित असावी, आणि प्रचाराच्या मेलमध्ये एका क्लिकने नाव काढण्याची सोय असावी. अशी विनंती दोन दिवसांत अमलात आणावी लागते. जीमेलच्या वापरकर्त्यांनी स्पॅम म्हणून नोंदवलेल्या मेलचे प्रमाण ०.१ टक्क्याखाली ठेवावे आणि ०.३ टक्क्यापर्यंत कधीही जाऊ देऊ नये, असे गुगल सांगते. हे प्रमाण गुगलच्या पोस्टमास्टर टूल्समध्ये पाहता येते. तेथे डोमेनची नोंदणी आजच करून ठेवावी. ओटीपी आणि पावत्या एका उपडोमेनवरून, प्रचाराचे मेल दुसऱ्यावरून पाठवणे हितावह असते, कारण प्रचाराच्या मेलवरच्या तक्रारींची झळ पावत्यांना कमी बसते.

नंतरची देखभाल

तुमच्या डोमेनसारखे दिसणारे दुसरे डोमेन घेऊन किंवा केवळ तुमचे नाव दाखवून परक्या पत्त्यावरून केलेली फसवणूक डीमार्कला थांबवता येत नाही. त्यासाठी ग्राहकांना आपला खरा पत्ता वारंवार कळवावा लागतो. डोमेनवर 'क्वारंटाइन' किंवा 'रिजेक्ट' लागू झाल्यावर बिमी या व्यवस्थेतून मेलच्या बाजूला बोधचिन्ह दाखवता येते, परंतु जीमेलसारख्या सेवांमध्ये त्यासाठी प्रमाणपत्र लागते, त्यामुळे लहान व्यवसायाने ते शेवटी ठेवावे.

नवी सेवा घेताना ती आपल्या डोमेनने डीकिमची सही करू शकते का, हे पैसे भरण्यापूर्वी विचारावे. सेवा सोडताना तिचा 'इन्क्लूड' आणि सिलेक्टर डीएनएसमधून काढावेत, अन्यथा तिच्या सर्व्हरांना तुमच्या नावाने मेल पाठवण्याची परवानगी तशीच राहते. स्वतः सांभाळत असलेल्या कीसाठी ठरावीक काळाने नवा सिलेक्टर तयार करावा, सही त्यावर वळवावी, आणि वाटेत असलेले मेल पोहोचेपर्यंत काही दिवस जुनी की डीएनएसमध्ये राहू देऊन मगच ती काढावी.